केळीला वेळापत्रक, मग आत्म्याला का नाही?





आपल्या मंडळ्यांचे वार्षिक अहवाल मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे. दानाची जमा किती, छताच्या पत्र्यांना खर्च किती, बाप्तिस्मे किती, लग्ने किती, सगळे चोख. पण पंधराव्या वर्षी दृढीकरण झालेला माणूस आज पंचेचाळीस वर्षांचा आहे, तर मधल्या तीस वर्षांत तो ख्रिस्तात किती वाढला, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. त्यासाठी रकाना काढा, असेही मी म्हणत नाही. ज्याचे त्याने तरी स्वतःला विचारावे ना? ते आपण विचारत नाही. उपासनेला जातो, वर्गणी देतो, नाताळला नवे कपडे घेतो, आणि वाढ आपोआप होत असेल असे धरून चालतो.

आमच्या निंबोल्याच्या परिसरात केळी होते. केळीवाल्याला विचारा, "पीक आपोआप येतं का हो?" तो हसेल. रोप लावले त्या दिवसापासून त्याचा हिशेब चालू: ठिबकमधून कोणते खत कधी सोडायचे, पिलं कधी कापायची, घड पडल्यावर टेकू कधी द्यायचा. सीएमव्ही आलेले झाड लगेच उपटून टाकायचे, माया करायची नाही. रात्री दोनला लाईट आली तर मोटर सुरू करायला दोनला उठायचे. याच हातांनी सकाळी दहा मिनिटे शास्त्र उघडायला वेळ नाही, असे कोणी म्हणाले तर मला ते पटत नाही. वेळ असतो, तो ठरवलेला नसतो.

यावर आपल्यात एक उत्तर तयार असते. "तारण कृपेने आहे, कर्माने नाही. वाढवणारा देव. आपण ठरवून काय होणार?" वाक्य बरोबर आहे, पण ते पांघरूण म्हणून वापरले जाते. पौलाने करिंथकरांना लिहिताना वाढ देवाचीच म्हटली, पण त्याच ठिकाणी लावणाऱ्याचा आणि पाणी घालणाऱ्याचा उल्लेख केला आहे. आणि आम्हा बुऱ्हाणपूरवाल्यांना तर हे कुंडी भंडाऱ्यावरून कळायला हवे. 1615 च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना सुभेदार असताना, हा बांधला गेला. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, शंभराहून अधिक कुंड्या जोडत, नुसत्या उतारावर शहरात आणले. पाणी कोणी तयार केले नाही, ते डोंगरातून येतच होते. पण ते शहरापर्यंत पोचावे म्हणून कोणीतरी उतार मोजला, कोणीतरी बोगदा खणला. आणि त्या पाण्यातल्या चुन्याचे थर आत साचत जातात, वाट अरुंद होते. डोंगर आटला नाही तरी वाट बुजू शकते. कृपेचे मी याहून निराळे काय सांगू?

पंडिता रमाबाईंचे नाव आपण अभिमानाने घेतो, पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट आपल्या व्यासपीठांवरून फारशी सांगितली जात नाही. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्यानंतर त्यांनी अमेरिका पाहिली, पुस्तक लिहिले, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. विधवा मुलींसाठी सारा देश बोलत होता तेव्हा त्या करत होत्या. आणि बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला आहे, पण खुद्द ख्रिस्त अजून मिळालेला नाही. हे त्यांनी स्वतः आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. एवढी विद्वान, एवढे काम केलेली बाई! ती तिथेच थांबली असती तर कोणी नाव ठेवले नसते. पण ती थांबली नाही, शोधत राहिली.

पुढे 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठे आत्मिक जागरण झाले. आपण ते असे सांगतो की जणू एके रात्री वीज पडली. पण ते सुरू झाले जूनच्या अखेरीस, आणि त्यासाठी रमाबाईंनी बायका-मुलींना रोजच्या प्रार्थनेसाठी एकत्र आणायला सुरुवात केली होती जानेवारीत. मधले पाच-सहा महिने काही दिसत नव्हते, तरी त्या रोज बसत होत्या. मला तर जूनपेक्षा जानेवारीचे जास्त कौतुक वाटते.

लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या काळात सोवळ्याओवळ्याचा त्यांनी स्वतःशी विचार केला, जातिभेद देवाने केला नाही असे मनाशी ठरवले, आणि मग कोणाच्याही हातचे खायला-प्यायला लागल्या. ठरवले ते ताटात उतरले! आपले ठरवणे पुष्कळदा व्हॉट्सॲपच्या वचनावर हात जोडण्यापाशी संपते.

आमच्याकडे अडचण आणखी एक आहे, आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. घरात मराठी, शाळेत हिंदी. आजीचे शास्त्र मराठी, नातवाला वाचता येते ते हिंदी. लिपी एकच असूनही तो अडखळतो, मग कंटाळतो, आणि आजी एकटीच वाचते. काही घरांत कौटुंबिक प्रार्थना एवढ्यासाठीच बंद पडल्या आहेत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर केले, ते साध्या बाईमाणसाला समजावे म्हणून. आपण निदान दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचू शकतो. आजीने मराठीत एक परिच्छेद, नातवाने तोच हिंदीत. यात दोघेही शिकतात.

वर्षात संपूर्ण शास्त्र वाचायचे असेल तर त्याचे गणित सोपे आहे: अध्याय 1189, रोज तीन आणि रविवारी पाच. पण ज्याला सवय नाही त्याने यात पडू नये असे माझे मत. लेवीयपर्यंत जाऊन गाडी थांबते. मार्काचे शुभवर्तमान घ्या, सोळा अध्याय, रोज अर्धा. महिन्याभरात येशूची ओळख नव्याने होते. मोबाईल हातात घेण्याआधी वाचा, एवढीच अट.

आता वाढ झाली की नाही हे कसे कळावे? इथे शेजाऱ्यांना विचारावे लागेल. आपले वारकरी शेजारी एकादशी चुकवत नाहीत, मुसलमान भाऊ दिवसाच्या पाच वेळा सांभाळतात. नियम म्हणजे काय हे त्यांना आपण सांगायला नको. ते आपल्याकडे बघतात ते वेगळ्या कारणाने: मजुराची मजुरी शनिवारी हातात पडते की "पुढच्या बाजारी" जाते? बांधावरून भांडलेले दोन भाऊ एकाच प्रभुभोजनाला बसतात आणि बाहेर पडताना एकमेकांना सलामही करत नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत असते. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला प्रभूने सांगितले, ते आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या दोघांपैकी एकाने जरी ठरवून, वार ठरवून, दुसऱ्याच्या अंगणात जाऊन चहा घेतला तर त्या वर्षीच्या मंडळीच्या अहवालात लिहिण्यासारखी ती गोष्ट होईल. पाळकांनी आणि वडील मंडळींनी अशा घरी आधी जावे, मग वर्गणीच्या घरी.

आमच्या तीन-चार घरांनी दर बुधवारी दिवे लागल्यावर मार्क वाचायला घेतला आहे, मराठी आणि हिंदी दोन्हीत. भाषण नाही, वर्गणी नाही, पाऊण तासात संपते. ज्यांना यायचे त्यांनी यावे. खुर्च्या चारच आहेत, चटई आपापली आणावी.

— एक वाचक, निंबोला (जि. बुऱ्हाणपूर)