इंजेक्शन काढा, कार्बोरेटर टाका? जरा थांबा!

सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्याच तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण विषय गॅरेजमधला आहे, आणि गॅरेजची भाषा मला शाळेने नाही, मामाने शिकवली.

तर मामाची गोष्ट. २००८ साली पुण्यात नोकरी लागल्यावर त्याने हप्त्यावर पल्सर २२० घेतली. साधी नव्हे, डीटीएस-एफआय! म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाली. तेव्हा ती गाडी म्हणजे आपल्यासारख्यांची स्पोर्ट्स कार होती. मी तिच्या टाकीवर बसून फोटो काढलाय, तेव्हा मी चार वर्षांची होते. पुढे मामा मस्कतला गेला आणि गाडी आजोळी देवरूखला आली. सुट्टीत आला की तो ती फिरवायचा. मधले दोन पावसाळे मात्र तो आलाच नाही. गाडी पडवीत उभी, टाकीत अर्धं पेट्रोल, आणि बाहेर आपला कोकणातला पाऊस!

यंदा मे महिन्यात मामा कायमचा परत आला. नवीन बॅटरी टाकली, सेल्फ मारला. इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. गॅरेजवाले काका आले, पाच मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, "इंजेक्शनचं काय खरं नाय. काढून टाका. कार्बोरेटर बसवून देतो, आयुष्यभर टेन्शन नाय."

मामाने माझ्याकडे बघितलं. "काय गो बाय, तू इंजिनिअर ना? सांग आता."

खरं सांगू? मी लगेच "हो" म्हणणार होते. कारण वर्कशॉपमध्ये मी हाताने उघडलेला एकच प्रकार म्हणजे कार्बोरेटर. फ्लोट दिसतो, जेट दिसतो, सुई दिसते. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि पेट्रोल आपोआप ओढलं जातं. कचरा अडकला तर फुंकर मारा, काम झालं! इंजेक्शन आम्ही फक्त फळ्यावर पाहिलंय. चौकोनात ईसीयू लिहायचं, चार बाजूंनी बाण काढायचे आणि सहा मार्क घ्यायचे.

आणि काकांच्या बाजूने एक मोठा पुरावाही होता. खुद्द बजाजने हेच केलं होतं! २००७ साली त्यांनी २२० इंजेक्शनसह आणली आणि २००९ साली तीच गाडी कार्बोरेटर लावून परत बाजारात उतरवली. गंमत म्हणजे ताकद कमी झाली नाही, उलट २० पीएसची २१ पीएस झाली. किंमत बऱ्यापैकी खाली, ७० हजारांच्या आसपास आली. जाहिरातीत तिला 'फास्टेस्ट इंडियन' म्हटलं गेलं आणि ती गाडी तुफान चालली. म्हणजे पुढारलेलं तंत्र सोडून मागे जाणं हा नेहमीच मूर्खपणा नसतो. कार्बोरेटरला 'जुनाट' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग माझा विरोध कशाला? तर मी एका कागदावर यादी करायला बसले. इंजेक्शन काढायचं म्हणजे नक्की काय काय काढायचं?

थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर जाणार, तिथे कार्बोरेटर येणार. इथपर्यंत सोपं. पण पंप टाकीच्या आत आहे. तो काढला की टाकीला भोक उरतं. ते बंद करा, नाहीतर टाकीच बदला, आणि पेट्रोलचा कॉक बसवा. पुढे खरी मेख! या गाडीत ईसीयू फक्त पेट्रोल मोजत नाही, स्पार्क कधी पडायचा हेही तोच ठरवतो, आणि तेही दोन प्लगचा. ईसीयू काढला तर इग्निशनसाठी वेगळं सीडीआय युनिट हवं, त्याला जुळणारं वायरिंग हवं. सगळं झाल्यावर जेटिंग: पायलट जेट कितीचा, मेन जेट कितीचा, सुई कुठल्या खाचेत. साध्या पेट्रोलला हवा आणि इंधनाचं आदर्श प्रमाण वजनाने १४.७ला १. ते बिघडून मिश्रण पातळ झालं तर इंजिन तापतं, जाड झालं तर प्लग काळा पडतो आणि पीयूसीच्या मशीनवर कार्बन मोनॉक्साइड वर जातो.

कंपनीने २००९ साली कार्बोरेटर 'टाकला' नव्हता. त्याच्याभोवती इनटेक, इग्निशन, टाकी सगळं जुळवून घेतलं होतं. आपण गॅरेजमध्ये करतो ते त्यातलं फक्त पहिलं वाक्य! शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. गाडीतली प्रत्येक अदलाबदल या कलमात येते असं नाही, पण आपला बदल कुठे बसतो हे आधी आरटीओत विचारलेलं बरं.

दुसरं उदाहरण सातासमुद्रापलीकडचं, पण आपल्याला चपखल लागू पडतं. ट्रायम्फ टीआर६ ही इंग्लंडची स्पोर्ट्स कार, १९७६ पर्यंत बनत होती. इंग्लंडमधल्या मॉडेलला लुकास कंपनीचं मेकॅनिकल इंजेक्शन आणि अमेरिकेला जाणाऱ्या मॉडेलला कार्बोरेटर! इंजेक्शनवाल्या गाड्यांचा पेट्रोल पंप गरम व्हायचा आणि गाडी रस्त्यात बंद पडायची. त्या पंपाची मोटर मुळात काच पुसणाऱ्या वायपरची होती. वैतागून कित्येक मालकांनी अख्खं इंजेक्शन काढून कार्बोरेटर लावले. पुढे लोकांनी तोच पंप काढून बॉश कंपनीचा पंप लावला, तर इंजेक्शन मजेत चालू लागलं. म्हणजे दुखत होतं पोट आणि कापला पाय!

हे वाचल्यावर मी मामाला म्हटलं, "चार दिवस दे. आधी निदान, मग ऑपरेशन."

पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं. इंजेक्शनवाल्या गाडीची चावी फिरवली की टाकीतून एक-दोन सेकंद 'झूंऽऽ' असा पंपाचा आवाज यायला हवा. आमच्या गाडीत शांतता. फ्यूज ठीक. मल्टिमीटर लावला तर पंपाच्या कनेक्टरपर्यंत १२ व्होल्ट पोचतच नव्हते. कनेक्टर उघडला तर आत हिरवा गंज, आपल्या खाऱ्या हवेची कृपा! साफ केल्यावर पंप बोलला, पण घसा बसल्यासारखा. मग टाकी उतरवली. पंपाच्या जाळीवर तपकिरी चिखल आणि टाकीच्या तळाशी पाणी.

हे पाणी कुठून आलं? हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, २०२५ साली आपण २० टक्के मिश्रणापर्यंत पोचलो. इथेनॉल हवेतलं बाष्प शोषून घेतं, आणि ते फार झालं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. पंपाची जाळीही तळाशीच. यात दोष इंजेक्शनचा नव्हता, गाडीचाही नव्हता. दोन पावसाळे अर्धी टाकी ठेवून गाडी विसरणाऱ्या आम्हा घरच्यांचा होता. त्या पडवीत कार्बोरेटरवाली गाडी ठेवली असती तर तिच्याही जेटमध्ये हाच चिखल गेला असता!

टाकी धुतली, जाळी बदलली, इंजेक्टर एका कारच्या गॅरेजमध्ये मशीनवर साफ करून घेतला. चौथ्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली. काकांनी सांगितलेल्या कार्बोरेटरच्या खर्चाच्या निम्म्याहून कमी पैसे लागले. मामा काही बोलला नाही. गाडी घेऊन तडक साखरप्यापर्यंत गेला आणि येताना माझ्यासाठी वडापाव घेऊन आला.

आता कुणी म्हणेल, झालं, पोरीने इंजेक्शनची आरती ओवाळली! तसं नाही. काकांचा मुद्दा मला अजूनही अर्धा पटतो. उद्या खरंच ईसीयू गेला आणि अठरा वर्षं जुन्या गाडीचा ईसीयू मिळालाच नाही तर? तर मी स्वतः कार्बोरेटर लावीन. पण २००९ च्या मॉडेलचा पूर्ण संच लावीन, सीडीआय आणि वायरिंगसकट, जुने पार्ट डब्यात जपून ठेवीन आणि पीयूसी करून घेईन. दुरुस्त करता येणं हाही गाडीचा एक गुण आहे, ॲव्हरेज आणि पिकअपसारखाच. रात्री दहा वाजता आंबा घाटात बॅटरी पार बसली तर कार्बोरेटरवाली गाडी निदान ढकलून सुरू होण्याची आशा असते. इंजेक्शनच्या पंपालाच वीज नाही, तर ढकलून काय होणार?

माझं भांडण 'काढून टाका' या दोन शब्दांशी आहे. जे कळत नाही ते काढून टाका. आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये बघा. चेक लाइट लागतो म्हणून बल्ब काढलेला, सेन्सर त्रास देतो म्हणून वायर तोडलेली. काकांनी तसं म्हटलं तर मी समजू शकते, त्यांना इंजेक्शन कुणी शिकवलंच नाही. आपल्याला शिकवलं, पण फळ्यावर. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आल्यापासून शोरूममधल्या बहुतेक दुचाकी इंजेक्शनच्या आहेत. त्या जुन्या होतील तेव्हा रत्नागिरीतल्या गॅरेजमध्ये त्यांचं निदान कोण करणार?

म्हणून सरांना नम्र विनंती: वर्कशॉपमधल्या कापलेल्या कार्बोरेटरशेजारी एक चालू इंजेक्शन इंजिन ठेवा, ज्याचा कनेक्टर आम्ही स्वतः काढू आणि दोष आम्ही स्वतः शोधू. जमलं तर एखाद्या रविवारी गावातल्या मेकॅनिक काकांनाही बोलवा. ते आपल्याला हात शिकवतील, आपण त्यांना मल्टिमीटर शिकवू.

आणि हॉस्टेलकरांनो, दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की पडवीतली जुनी गाडी बघा. चावी फिरवा आणि आधी कान लावा. स्पॅनर नंतर!

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, मेकॅनिकल