तीन दिवसांचें मार्सेल्स

आमची पुतणी फ्रान्समध्यें लिऑन येथें शिकते, हें या सदराच्या नित्याच्या वाचकांस ठाऊक आहेच. माघांत तिचें बोलावणें आलें : "काका, मे महिन्यांत सगळे या. परत जाण्यापूर्वीं तीन दिवस समुद्राकांठीं काढूं. गांव तुम्ही ठरवा." गांव ठरविण्यास आम्हांस अर्धी घटकाही लागली नाहीं. मार्सेल्स! फ्रेंच लोक त्यास मार्सेय म्हणतात. पण मराठी घरांत तें मार्सेल्स म्हणूनच रुजलें आहे, आणि कां रुजलें हें सांगावयास नको.

पस्तीस वर्षें शाळेचीं वेळापत्रकें आंखलीं. ती संवय जातां जात नाहीं. आम्हीं एका वहींत तीन दिवसांचे तास पाडले आणि त्यांत बावीस स्थळें बसविलीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत तें सर्व मोठ्यानें वाचून दाखविलें. धाकटे बंधु, भावजय, दहा वर्षांचा नातू, सर्वांनीं मान डोलावली. आमच्या सौभाग्यवती एका बाजूस वाती वळीत बसल्या होत्या. वाचन संपल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, बेत छान आहे. तुम्ही सगळे जाऊन या. मी घर राखतें. देवापाशीं दिवा लावायला कोणी तरी हवंच ना!"

वास्तविक घर राखण्याची कांहीं गरज नव्हती. चिरंजीव आणि सूनबाई येथेंच राहणार होते. खरें कारण गुडघ्यांत होतें. आमच्या वेळापत्रकांत सात चढ होते. आम्हीं ते मोजले नव्हते. त्यांनीं मोजले होते. एकत्र कुटुंबांत हें असेंच घडतें. ज्यास चालवत नाहीं तो तक्रार करीत नाहीं. तो घर राखण्याचें काम मागून घेतो. इतरांसही तें सोयीचें असतें, म्हणून कोणी फार आग्रह करीत नाहीं. पुढें छायाचित्रांत एक माणूस कमी दिसतें, आणि तें कां, हें कोणास आठवतही नाहीं.

आम्हीं तें पान त्याच रात्रीं फाडलें. त्यानंतर जो बेत उभा राहिला तो वाचकांच्याही उपयोगीं पडेल, असें वाटल्यावरून येथें देत आहों. त्याचें सूत्र एकच : मंडळींत ज्याची चाल सर्वांत मंद, त्याच्या चालीनें प्रवास आंखावा.

धर्मकार्यांत देश, काल आणि पात्र हीं तीन पाहतात. प्रवासांतही तींच पहावीं. मात्र क्रम उलटा धरावा. आधीं पात्र, मग काल आणि शेवटीं देश. आम्हीं देशापासून आरंभ केला, तेथेंच चुकलों.

पात्रविचार म्हणजे प्रत्येकास एकच प्रश्न : "तुला एकच गोष्ट पहावयास मिळाली, तर कोणती?" नातवास समुद्रांतला किल्ला हवा. भावजयीस तेथील टेकडीवरचें देऊळ. धाकट्या बंधूंस हिंदी सैनिकांची दफनभूमि. आमचें काय, तें पुढें सांगूं. सौभाग्यवतींनीं मात्र उत्तर देण्याचें टाळलें.

कालाचा विचार असा. जुलै-ऑगस्टांत तेथें ऊन कडक असतें. शहराच्या दक्षिणेस पांढऱ्या चुनखडीचे जे कडे समुद्रांत उतरतात, त्यांस कालांक म्हणतात. २०१२ पासून तें राष्ट्रीय उद्यान आहे. वणव्याच्या भीतीनें उन्हाळ्यांत तेथील वाटांवर निर्बंध असतात. मेमध्यें हवा सौम्य, परंतु समुद्राचें पाणी थंड. म्हणून नातवास पोहण्याची आशा आम्हीं दाखविलेली नाहीं. मेच्या १ व ८ तारखांस फ्रान्समध्यें सार्वजनिक सुटी असते, आणि तेथील मोठें संग्रहालय मंगळवारीं बंद असतें. तेव्हां महिन्याच्या मध्यावर बुधवारीं सकाळीं पोंचावें आणि शुक्रवारीं रात्रीं निघावें, असें ठरलें. त्या दिवसांत तेथें सूर्य रात्रीं नवाच्या सुमारास मावळतो. सायंसंध्येचा प्रश्न बंधूंनीं काढला. सूर्य मावळेल तेव्हां करावी, घड्याळाकडे पाहूं नये, असा निर्णय आम्हीं दिला.

वाऱ्याचाही विचार हवा. ऱ्होन नदीच्या खोऱ्यांतून मिस्त्राल नांवाचा थंड व जोरकस वारा त्या किनाऱ्यावर उतरतो. तो सुटला म्हणजे बेटांकडे जाणाऱ्या होड्या बंद राहतात. म्हणून होडीचा दिवस कायमचा बांधून टाकूं नये. दुसऱ्या दिवसाशीं त्याची अदलाबदल करतां येईल असा ठेवावा.

कागदपत्रांविषयीं दोन शब्द. शेंगेन व्हिसासाठीं प्रवासाच्या सहा महिने आधींपासून अर्ज करतां येतो, आणि तो निदान पंधरा दिवस आधीं तरी केलाच पाहिजे. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. शहरांत फेब्रुवारी २०२५ पासून भारताचा वाणिज्य दूतावास आहे, हें पारपत्राची काळजी करणाऱ्यांनीं टिपून ठेवावें.

आतां देश. मार्सेल्स हें फ्रान्समधील अतिशय जुनें शहर. इ. स. पूर्वीं ६०० च्या सुमारास आशियामायनरमधील फोसीआच्या ग्रीकांनीं तें वसविलें. म्हणजे अशोकाच्या शिलालेखांहून तें सुमारें तीन शतकांहून अधिक जुनें. लिऑनहून आगगाडीनें दोन तासांच्या आंत तेथें पोंचतां येतें. स्थानकाचें नांव सें-शार्ल. तें उंचावर आहे, आणि समोर १०४ पायऱ्यांचा भव्य जिना आहे. छायाचित्रासाठीं तो उत्तम; गुडघ्यांसाठीं नव्हे. आम्ही स्थानकांतूनच भुयारी गाडी धरणार आहों. तिचें दुसरेंच स्थानक जुन्या बंदरापाशीं आहे. बिऱ्हाडही तेथेंच, स्वयंपाकघर असलेलें घेतलें आहे.

बुधवारीं फक्त बंदर. धक्क्यावर २०१३ सालीं उभारलेलें एक आरशासारखें छत आहे. वर पाहिलें कीं आपण उलटे दिसतों. नातवाचा अर्धा तास तेथें जाईल. जवळच सकाळीं मासळीबाजार भरतो. आमच्या भावजयीनें त्या बाजूस न जाण्याचें आधींच सांगून ठेवलें आहे. दुपारीं बंदराच्या मुखाशीं असलेला सें-झां किल्ला आणि त्यास उंच पुलानें जोडलेलें भूमध्यसमुद्रीय संस्कृतींचें संग्रहालय. तेंही २०१३ चेंच.

गुरुवारीं टेकडीवरील नोत्र-दाम द ला गार्द. हें १८६४ सालीं अर्पण झालेलें देऊळ सुमारें दीडशें मीटर उंचीच्या टेकडीवर आहे. शिखरावर मेरीची सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ति आहे. गांवकरी तिला 'चांगली आई' म्हणतात. वादळांतून वांचलेल्या खलाशांनीं नवस फेडण्यासाठीं वाहिलेल्या लहान लहान नौका आंत टांगलेल्या आहेत. नवस बोलणारें मन कोणत्याही किनाऱ्यावर सारखेंच! बंदरापासून ६० क्रमांकाची बस वरपर्यंत जाते, म्हणून हा चढ बेतांत राहूं शकला.

शुक्रवारीं मंडळी दोन भागांत विभागावयाची. पुतणी आणि नातू होडीनें शातो दीफ पाहतील. सोळाव्या शतकांतला हा बेटावरील किल्ला पुढें तुरुंग झाला आणि ड्यूमाच्या 'मॉंटे क्रिस्टो'च्या कादंबरीमुळें जगप्रसिद्ध झाला. बाकीचे दक्षिणेकडील माझार्गच्या दफनभूमीस जातील. १९१४ च्या सप्टेंबरअखेरीस हिंदी फौज मार्सेल्सलाच उतरली. लाहोर डिव्हिजनबरोबर खडकीच्या सॅपर्सच्याही तुकड्या होत्या. आमच्या बंधूंची सारी नोकरी खडकीस झाली. तेथील हिंदी सैनिकांच्या स्मारकापुढें उभें राहावें, ही त्यांची इच्छा. सर्वांनीं सर्वत्र एकत्रच गेलें पाहिजे असें नाहीं. पण कोणीही एकटें बिऱ्हाडीं राहूं नये, आणि रात्रीचें जेवण एकत्र व्हावें.

जेवणाची चिंता आम्हांस होती. तें गांव माशांच्या रश्श्याबद्दल प्रसिद्ध. परंतु पुतणीनें कळविलें कीं, हरभऱ्याचें पीठ पाण्यांत शिजवून, थापून, वड्या पाडून तळतात, असा पानिस नांवाचा पदार्थ तेथें घरोघरचा आहे. म्हणजे पाटवडीच कीं! कोणत्या तेलांत तळलें, एवढें मात्र विचारून घ्यावें. बरोबर भाजणी व मेतकूट न्यावें. तूप, पेढे, खवा नेऊं नये. दुधाचे व मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून सामानांत आणण्यास युरोपीय संघांत मनाई आहे.

आतां आमची इच्छा. ८ जुलै १९१० रोजीं सावरकरांनीं 'मोरिया' बोटीच्या गवाक्षांतून उडी घेतली, पोहत धक्का गांठला, आणि फ्रेंच भूमीवरून त्यांस पुन्हां ब्रिटिशांच्या हवालीं करण्यात आलें. प्रकरण हेगच्या लवादापुढें गेलें. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यांत तो ताबा देणें अनियमित ठरलें, पण त्यांस परत करण्याचें बंधन ब्रिटनवर नाहीं, असें ठरलें. हा पाठ आम्हीं वर्षानुवर्षें शिकविला. प्रत्येक वर्षीं फळ्यावर दोन किल्ल्यांमधलें चौकोनी बंदर काढून त्यांत बोट उभी करीत असूं.

बेत आंखतां आंखतां कळलें कीं, तें चित्र चुकीचें होतें. तें जुनें बंदर. त्या काळीं मोठ्या आगबोटी तेथें लागत नसत. त्यांचे धक्के उत्तरेस, जोलिएतच्या बाजूस होते. पस्तीस वर्षें आम्हीं बोट भलत्याच बंदरांत उभी केली! आमचे जुने विद्यार्थी हें वाचीत असल्यास त्यांनीं आपल्या वहींत दुरुस्ती करावी. बुधवारीं संग्रहालयाच्या गच्चीवरून उत्तरेकडे तोंड करून आम्ही उभे राहूं, आणि त्या धक्क्यांच्या दिशेनें हात जोडूं. चढ नाहीं, घाई नाहीं.

हा नवा बेत पुन्हां माजघरांत वाचला. सौभाग्यवतींनीं आतां तरी आपली इच्छा सांगावी, असा सर्वांनीं आग्रह धरला. पुष्कळ वेळानें त्या म्हणाल्या, "मला काही पहायचं नाही. समुद्राकांठीं कुठं तरी बसायला मिळावं, सूर्य मावळेपर्यंत. आणि 'चला' असं कुणी म्हणूं नये."

मार्सेल्सच्या समुद्रकांठच्या रस्त्यास कॉर्निश म्हणतात. बंदरापासून ८३ क्रमांकाची बस त्या बाजूनें जाते. या रस्त्याच्या कडेनें एक सलग बांकडें आहे, एक किलोमीटरहूनही अधिक लांब. समोर बेटें आणि पश्चिमेचा समुद्र. आम्हीं त्यांस तें नकाशावर दाखविलें. त्यांनीं चष्मा लावून नकाशा बराच वेळ पाहिला. बावीस स्थळांच्या यादींत तें बांकडें आम्हीं घातलें नव्हतें, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे. गुरुवारची सारी संध्याकाळ आतां त्या बांकड्यास दिली आहे, आणि त्या पानावर दुसरें कांहीं लिहावयाचें नाहीं असें नातवानें आम्हांस बजावलें आहे.

नकाशाची घडी घालून सौभाग्यवती उठल्या. जातां जातां म्हणाल्या, "दिव्याचं सूनबाईला सांगून ठेवतें."