कर्ज घराचे, काटकसर कोणाची?

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपण शाळेपासून घोकत आलो आहोत. परंतु जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाडमधील कित्येकांचे अंथरूणच वाहून नेले. भांडीकुंडी, धान्य, दुकानातला माल पुन्हा उभा करण्यासाठी काढलेल्या कर्जाला उधळपट्टी कोण म्हणेल? लग्नात चार पंगती जास्त उठाव्यात म्हणून काढलेले कर्ज मात्र निराळे. ते ऋण काढून केलेला सण होय.

कर्ज कोणतेही असो, ते काटकसरीनेच फिटते. प्रश्न एवढाच की, ही काटकसर करतो कोण? बहुतेक घरांत आई आपले दूध बंद करते, औषध पुढे ढकलते. चिरंजीवांच्या मोबाईलचा हप्ता मात्र चुकत नाही. ही काटकसर नव्हे, हा अन्याय आहे.

दरमहा शेकडा तीन रुपयांनी घेतलेल्या १०,००० रुपयांवर वर्षाला ३,६०० रुपये व्याज जाते आणि मुद्दल जागच्या जागी राहते. म्हणून सर्वांत महागडे कर्ज आधी फेडावे. परवान्याशिवाय सावकारी करणे २०१४ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे, हेही घरी सांगावे.

मित्रहो, आपण पदवीपर्यंत शिकतो, पण घरावर कर्ज किती हे आपल्याला ठाऊक नसते. वडील अब्रूपायी ते लपवतात. एक साधी वही घाला, देणे-घेणे लिहा, घरातील सर्वांसमोर वाचा. आकडा सर्वांना कळला, तरच पोटाला बसणारा चिमटा सर्वांत वाटला जाईल.