टाकळा हिरवा आहे, जमीन कशी आहे?

मा. जिल्हाधिकारी, ठाणे यांस


पाऊस पडला की भिवंडीच्या बाजारात टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं यांचे वाटे मांडून आदिवासी बायका बसू लागतात. ऑगस्टमध्ये कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, तेव्हा प्रशासनही या भाज्यांचं कौतुक करतं. ते योग्यच आहे. जंगलातून आलेल्या भारंगीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण टाकळा, घोळ आणि अळू यांना जंगल लागत नाही. गोदामाच्या कुंपणाबाहेर, कापड रंगवणाऱ्या डाईंगच्या नाल्याकाठी, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या बॉयलरची राख पडते त्या ओसाड जागेवरही ती तितक्याच जोमाने येतात आणि कुणाच्या तरी ताटात पोचतात. ती जमीन कोण तपासतं, एवढंच मला विचारायचं आहे.

अशा जमिनीत मुरणाऱ्या विषांपैकी आर्सेनिकचंच उदाहरण घ्या. आपल्या काळ्या पाषाणात ते मुळात कमी असतं. सीमेपलीकडे छत्तीसगडमधल्या कौडीकसा गावात ते खडकातून विहिरीत उतरलं, पश्चिम बंगालमध्ये नदीच्या गाळातून. भिवंडीच्या मातीत ते जास्त निघालं, तर ते माणसानेच आणलेलं असेल: दगडी कोळशाच्या राखेतून, जुन्या कीटकनाशकांतून किंवा वाळवी लागू नये म्हणून आर्सेनिक मुरवलेलं लाकूड जाळल्यावर उरलेल्या राखेतून.

वनस्पतीला हे विष ओळखता येत नाही. आर्सेनेटची घडण फॉस्फेटसारखी असल्याने मुळं ते खत म्हणून आत घेतात. पाणी साचलेल्या जमिनीत त्याचं रूप बदलतं आणि भात ते सिलिकाच्या वाटेने ओढतो. दाण्यापेक्षा पेंढ्यात ते अधिक साठतं आणि पेंढा गुरांपुढे जातो. बहुतेक झाडं आर्सेनिक मुळातच अडवतात, काही मात्र पानांपर्यंत चढवतात. जुन्या चुन्याच्या भिंतींवर उगवणारा टेरिस व्हिटाटा हा नेचा याचं टोक आहे. फ्लोरिडात लाकूडप्रक्रियेने दूषित झालेल्या जागेवर वाढलेल्या या नेच्याचा अभ्यास 2001 साली ‘नेचर’मध्ये छापून आला. प्रयोगासाठी आर्सेनिक मिसळलेल्या मातीत त्याच्या सुक्या पानांत किलोमागे 22 ग्रॅमपर्यंत आर्सेनिक भरलं आणि तरी झाड वाढत राहिलं. म्हणून हिरवेपणा हा जमीन शुद्ध असल्याचा पुरावा ठरत नाही. भाजी धुतली तर वरची धूळ जाते. पानात शिरलेलं आर्सेनिक धुऊन जात नाही आणि शिजवून नष्टही होत नाही. वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं, तर तळहात-तळपायांची कातडी जाड होते, पुढे त्वचा, फुप्फुस, मूत्राशय यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

साहेब, हे काम आता आपल्या कक्षेत आलं आहे. केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित दूषित स्थळांचा अहवाल दर सहा महिन्यांनी जिल्हा प्रशासनाने द्यायचा आहे. त्यानंतर 90 दिवसांत प्राथमिक तपासणी आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण होणं अपेक्षित आहे. प्रदूषण कुणी केलं हेही शोधायचं आहे. मात्र पहिली नोंद आपल्याकडून गेली नाही, तर पुढचं चाक फिरत नाही.

म्हणून तीन मागण्या आहेत. एक, पूर्णा, राहनाळ, वळ या पट्ट्यातली रसायनांच्या गोदामांभोवतीची जमीन आणि कामवारी नदीच्या काठची डाईंग-सायझिंगची जमीन संशयित स्थळं म्हणून अहवालात घ्यावी. गोदामाला आग लागून विझवण्याचं पाणी जिथे मुरलं, त्या जागा आधी घ्याव्यात. दोन, नमुने केवळ मातीचे नकोत. तिथेच उगवलेला टाकळा, अळू, घोळ यांची मुळं आणि पानं वेगवेगळी तपासावीत, आर्सेनिकबरोबर शिसं आणि कॅडमियमही पाहावं. तीन, निकाल मराठीत, गावनिहाय, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.

याने रानभाजी विकणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय येईल, असं कुणी म्हणेल. उलट आहे. तपासणी नसली की एका अफवेने सगळेच वाटे पडून राहतात. जंगलातली भाजी स्वच्छ असल्याचा शासकीय कागद हाती असेल, तर तोच त्यांचा आधार ठरेल.

पुढच्या पावसाळ्यात टाकळा बाजारात येण्याआधी पहिले नमुने प्रयोगशाळेत पोचावेत, ही विनंती.

आपला नम्र,
भिवंडी तालुक्यातील एक रहिवासी