मागचं दार उघडा तर खरं!

मैत्रिणींनो, पक्षीनिरीक्षण म्हटलं की गळ्यात दुर्बीण, हातात भलामोठा कॅमेरा नि ताडोबाची सफारी डोळ्यांपुढे येते. एवढा वेळ अन् पैसा आपल्याला कुठला? पण नालवाडीत राहून मी सांगते, मागचं दार उघडलं तरी पुरे! साळुंक्या खरकटं टिपायला येतात, जास्वंदीला शिंजीर लटकतो, शिंपी पानं शिवून घरटं करतो. आपल्या वर्ध्याने तर 2018 साली चक्क मतदान करून नीलपंखाला शहरपक्षी निवडलं!

गंमत अशी की, पक्षी आपल्याला हवेत, किडे मात्र नकोत. चिमणी दाणे टिपते हे खरं, पण पिल्लांना ती अळ्या-किडेच भरवते. गोडलिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं, तर लगेच औषध फवारू नका. ती बहुधा फुलपाखराची अळी असते. पुढे ती हिरवी होते, कोष करते आणि साधारण महिन्याभरात उडून जाते. 2015 साली राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळीही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढते. चार पानं गेली तर जाऊ द्या ना!

फोटोला साधा मोबाइल चालतो. सकाळचं कोवळं ऊन, खिडकीचा आडोसा आणि धीर हवा. घरट्याजवळ मात्र जायचं नाही. पक्षी घरटं सोडून जाऊ शकतात. फोटोखाली तारीख नि झाडाचं नाव लिहा. वर्षभराने कोण कधी येतं, ते आपोआप कळेल.

हे रिकामपणाचे उद्योग नव्हेत. आमच्याकडे शेतं जाऊन ले-आउट पडताहेत, अंगणात फरशी बसतेय. 'कचरा होतो' म्हणून झाड तोडायचं घरात ठरतं, तेव्हा आपल्याला कोण विचारतं? पण त्या झाडावर कोण राहतं, हे दिवसभर घरात वावरणाऱ्या बाईलाच ठाऊक असतं. हातात वर्षाच्या नोंदी नि फोटो असले, की आपलं म्हणणं सहज उडवून लावता येत नाही.

मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, 5 ते 12 नोव्हेंबर, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. पण त्याची वाट कशाला पाहायची? उद्या सकाळचा चहा मागच्या दारात बसून घ्या. मुलांची जुनी वही सोबत असू द्या.