गायतोंडे आणि काठीची रात्र

चित्रकार वासुदेव गायतोंडे हे नाव मराठी वाचकापर्यंत बहुतेक वेळा लिलावाच्या बातमीतून पोचते. २०१३ मध्ये मुंबईत ख्रिस्टीजच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले आणि तेव्हापासून कोटींचा आकडा हीच त्यांची ओळख होऊन बसली. त्यात मोठे नुकसान झाले. चित्र डोळ्यांपुढे येण्याआधीच सर्वसामान्य माणसाने ‘हे आपल्यासाठी नाही’ असे ठरवून टाकले. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. गायतोंडे यांच्या चित्राचा गाभा आहे सरणारा वेळ, आणि तो अनुभवण्याची ताकद नंदुरबारच्या माणसात पुरेपूर आहे. त्याच्यापुढे मूळ चित्रच कधी आलेले नाही.

गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा, घराणे गोव्याचे. १९४८ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडले. पुढे आकृती मागे पडल्या, झेन विचाराची ओढ लागली आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे होऊ लागली. रोलरने, सुरीने रंगाचा थर द्यायचा, तो खरवडायचा, कागदाचे तुकडे दाबून ओला रंग उचलायचा, त्यावर पुन्हा पातळ थर चढवायचा. हातात काही न घेता नुसता विचार करण्यात जाणारा वेळही कामाचाच भाग होता. म्हणून या चित्रांत ‘काय काढले आहे’ हे शोधून हाती काही लागत नाही. आधी एक सपाट रंग दिसतो, थोडे थांबल्यावर त्याखालचा उजेड वर येऊ लागतो, आणखी थांबले की मघाशी रिकाम्या वाटलेल्या जागेत काही तरंगताना दिसते. चित्र तेच असते, पाहणाऱ्याच्या आत वेळ सरकलेला असतो. छापील प्रतीत हे घडत नाही, कारण तिथे सगळे थर एकाच पातळीवर येतात.

यावर कोणी म्हणेल, की काळ वगैरे समीक्षकांनी चिकटवलेले आहे. बहुतेक चित्रांना तर शीर्षकही नाही. शंका रास्त आहे. पण पुरावा शीर्षकात शोधायचाच कशाला? तो कॅनव्हासवर आहे: कोणता रंग आधी आला, कुठला खरवडला गेला, कशावर काय चढले, हा क्रम उघड्या डोळ्यांना दिसतो. असा क्रम म्हणजेच वेळ. लहान मूलही रंग फासेल, हे खरे. पण कुठे हात आवरायचा याचा निर्णय त्या फासण्यात नसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यात कुपोषणाचा प्रश्न उभा असताना ही चैन कशाला? दवाखान्याचा पैसा चित्राकडे वळवा, असे कोणी म्हटले तर मीही विरोध करीन. पण गरीब जिल्ह्याला फक्त गरजाच असतात, असे मानणे हा त्या माणसांचा अपमान आहे. याच जिल्ह्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला सातपुड्यातली माणसे रात्रभर जागतात. बावा आणि बुध्या म्हणवले जाणारे, व्रत पाळलेले नर्तक घुंगरांच्या तालावर नाचत राहतात आणि होळी पेटते ती पहाटे. त्या रात्रीची लांबी घड्याळाने कोणी मोजत नाही. तीच पावले, तोच ठेका, आणि तरीही दर प्रहराला काही वेगळे. हे ज्याने अंगाने जाणले आहे, त्याला गायतोंडे समजावून सांगावे लागणार नाहीत, असा माझा विश्वास आहे. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. नंदुरबारच्या वाट्याला मात्र एक बातमी येते.

गायतोंडे यांची चित्रे विमा, हवामान आणि सुरक्षेच्या कारणाने इथवर आणणे अवघड आहे, हे मान्य. मग राज्याच्या कला संचालनालयाने त्या वाटेवरच्या आजच्या एखाद्या चित्रकाराचे एकच मूळ चित्र महिनाभर जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवावे. उद्घाटनाच्या भाषणांची घाई नको, शेजारी जड शब्दांचा फलकही नको. समोर एक बाक असावा, आणि शहाद्याहून वा तळोद्याहून आलेल्या मुलांना शिक्षकांनी ‘चला, पुढे चला’ म्हणू नये.