नडगी दुखते, तरी पळू का?

आमच्या चाळीतला एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. मागच्या खेपेस १६०० मीटर धावण्यात गुण कमी पडले, म्हणून तो दोन्ही वेळा डांबरी रस्त्यावर जीव तोडून पळू लागला. महिन्याभरात नडगी धरली. त्याची आई आमच्याकडे आली. "भाऊ, लंगडत पळतोय. तुम्हीच सांगा त्याला."

आम्ही कारकून माणूस, धावपटू नव्हे. आम्ही त्याला अविनाश साबळे यांची हकिकत सांगितली. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचे हे चिरंजीव महार रेजिमेंटमध्ये भरती झाले, सियाचीनला राहिले. धावणे सुरू झाले ते नंतर. दुखापतीने वजन वाढले, ते तीन महिन्यांत १५ किलो उतरवले. २०१८ साली घोटा दुखावून आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला ३००० मीटर स्टीपलचेसचा ३७ वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२१ मध्ये टोकियोला ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा नवा विक्रम करूनही अंतिम फेरी मिळाली नाही. २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेचे रौप्य मिळाले.

मुलगा म्हणाला, "म्हणजे मी पळतोय तेच बरोबर!"

इथेच आपली मुले फसतात. साबळे परत उभे राहिले, ते दुखरा पाय रेटून नव्हे. दम काही आठवड्यांत वाढतो; हाड आणि स्नायुबंध मजबूत व्हायला महिने लागतात. दम आहे म्हणून पोर पळत सुटते आणि हाडाला बारीक चीर जाते. ती सुरुवातीला एक्सरेतही दिसेलच असे नाही. म्हणून बोट ठेवताच एकाच जागी कळ येत असेल, तर पळणे बंद आणि डॉक्टर गाठायचे.

मग आधी नुसते चालणे, नंतर थोडे पळणे-थोडे चालणे, तेही मातीच्या मैदानावर, एक दिवसाआड. पळताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, एवढाच वेग. जोराचे पळणे आठवड्यातून एकदा-दोनदा, तेही दुखणे पुरते गेल्यावर. पोटाला डाळ-भाकरी, शेंगदाणे, जमल्यास अंडे आणि रात्रीची पुरी झोप. रात्रपाळी करून पहाटे मैदानावर जाणाऱ्या मुलांचे आम्हाला फार वाईट वाटते.

सर्वांत अवघड असते ते मन. चार आठवडे बसलेला मुलगा पहिल्याच दिवशी जुनी वेळ गाठायला जातो आणि हिरमुसतो. म्हणून आम्ही त्याचे घड्याळ त्याच्या आईकडे द्यायला लावले.

परवा तो मैदानावरून येताना भेटला. चालणे सरळ होते. किती वेळ लागला, असे आम्हीच चुकून विचारले.

"आईला विचारा," म्हणाला.